धावपट्टीचं काम सुरू असताना टॅक्सी कशी करायची: नव्या वैमानिकांसाठी

३१ ऑक्टोबर २००० च्या रात्री, वादळी पावसात, तैपेईच्या विमानतळावर सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७४७ बंद धावपट्टीवरून उडायला धावलं आणि पुढे उभ्या असलेल्या बांधकामाच्या यंत्रांवर आदळलं. १७९ पैकी ८३ जण मरण पावले. ०५ उजवी ही धावपट्टी (आकडा होकायंत्रावरची दिशा सांगतो, इथे सुमारे ५० अंश; 'डावी-उजवी' म्हणजे समांतर जोडीतली कोणती) कामासाठी बंद आहे, हे वैमानिकांना माहीत होतं. नोटॅम, म्हणजे विमानतळावरच्या बदलांची वैमानिकांसाठी निघणारी सूचना, त्यांनी वाचलेला होता. त्यांना ती धावपट्टी ओलांडून सरळ पुढे, दोनशे मीटरच्या आसपास पलीकडे असलेली ०५ डावी गाठायची होती. पण टॅक्सीवेवरचे, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेण्याच्या रस्त्यावरचे, हिरवे दिवे उजवीकडे, बंद धावपट्टीवर ठळकपणे वळत होते. सरळ जाणाऱ्या रेषेवरचे दिवे मात्र विरळ होते, त्यातला एक बंद आणि एक मंद. विमान हिरव्या दिव्यांमागे गेलं. त्या तोंडाशी धावपट्टी बंद असल्याचा एकही अडथळा किंवा फुलीची खूण नव्हती, कारण पुढचा भाग बंद असला तरी अलीकडचा टॅक्सीसाठी वापरात होता.

काम सुरू असलेल्या विमानतळावरची चूक साधारण अशीच घडते. माहिती डोक्यात असते, पण काचेबाहेर जे दिसतं ते डोळ्यांना जास्त खरं वाटतं. त्यामुळे 'नोटॅम नीट वाचा' एवढ्या सल्ल्याने भागत नाही. वाचलेलं काचेबाहेर कसं दिसणार आहे, हे ब्रेक सोडण्याआधी ठरवून ठेवावं लागतं. बारामती, गोंदिया किंवा शिरपूरला शिकताना एक धावपट्टी आणि दोन-तीन टॅक्सीवे असतात, तेव्हा हे प्रकरण फारसं भेटत नाही. मोठ्या विमानतळावर पहिल्या नोकरीत ते एकदम अंगावर येतं.

आधी नोटॅम, घड्याळासकट

नोटॅममधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात आणि भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, हे पाठ असतं. चूक होते ती तारखेत आणि वारात. समजा काम दर मंगळवारी पहाटे, रात्री साडेबारा ते पाच या वेळात आहे. यूटीसीत ते सोमवारी १९०० ते २३३० होतं आणि वेळापत्रकाच्या रकान्यात 'सोमवार' छापून येतं. घाईत वाचणारा म्हणतो, 'सोमवारी आहे, मंगळवारी मोकळं', आणि मंगळवारी पहाटे तीनला इंजिन सुरू करून बसतो. दिवसाच्या कामात हा घोळ होत नाही. २०१९ साली ७ फेब्रुवारी ते ३० मार्च या काळात मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद राहत होत्या. यूटीसीत ते ०५३० ते ११३०, वार तोच. (दोन्ही एकदम बंद का? कारण मुंबईच्या धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. छेदाच्या जागी खोदलं की दोन्ही गेल्या.) मध्यरात्रीच्या कामात कागदावर दोन ओळी लिहा: वर यूटीसी, खाली भारतीय वेळ, दोन्हींसमोर वार आणि तारीख. डोक्यात बेरीज करू नका.

नोटॅमच्या क्यू ओळीतली, म्हणजे सांकेतिक ओळीतली, अक्षरं ओळखता आली की गठ्ठ्यातून हवं ते पटकन सापडतं. 'एमआर' म्हणजे धावपट्टी, 'एमएक्स' म्हणजे टॅक्सीवे, 'एमडी' म्हणजे घोषित अंतरं, म्हणजे टेकऑफला आणि उतरायला मिळणारी लांबी. त्यापुढे 'एलसी' असेल तर बंद, 'एचडब्ल्यू' असेल तर काम सुरू. नवखे लोक 'एचडब्ल्यू' पाहून सुटकेचा श्वास टाकतात: बंद नाही, म्हणजे वापरता येईल. वापरता येईल हे खरं, पण कडेला माणसं, डंपर आणि खडीचे ढीग असणार. बंद टॅक्सीवेवर तुम्ही जाणारच नसता. सांभाळायचं असतं ते या दुसऱ्या प्रकाराला.

गठ्ठा मोठा असतो, हेही मान्य करू. ७ जुलै २०१७ च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोला एअर कॅनडाचं विमान धावपट्टी समजून टॅक्सीवेवर उतरायला आलं. खाली चार विमानं रांगेत उभी होती. जमिनीपासून सुमारे ६० फुटांवरून ते परत वर गेलं. डावीकडची समांतर धावपट्टी कामासाठी बंद होती आणि तिचे दिवे मालवलेले होते. त्यामुळे उजवी धावपट्टी डावी वाटली आणि तिच्या शेजारचा टॅक्सीवे उजवी धावपट्टी वाटला. ही बंदी सांगणारा नोटॅम २७ पानी गठ्ठ्यात आठव्या पानावर होता. म्हणून गठ्ठा पहिल्या पानापासून ओळीने वाचत बसू नका. निघण्याचं, पोहोचण्याचं आणि पर्यायी विमानतळ घ्या आणि प्रत्येकासाठी फक्त पाच गोष्टी शोधा: धावपट्टी, टॅक्सीवे, दिवे, घोषित अंतरं, क्रेन. बाकीचं मग वाचा.

मोठं, महिनोन्‌महिने चालणारं काम एआयपी सप्लिमेंटमध्ये, म्हणजे अधिकृत विमानतळ-माहितीच्या पुरवणीत, आराखड्यासकट येतं. ते टप्प्यांत विभागलेलं असतं. पहिल्या टप्प्यात जो टॅक्सीवे बंद, तोच दुसऱ्यात उघडा आणि त्याचा शेजारी बंद. आज कोणता टप्पा चालू आहे, हा पहिला प्रश्न. टप्पे वेळापत्रकाप्रमाणे पुढे सरकतात असं धरू नका. डांबराला पावसाने थांबवलं की तारीख ढकलली जाते आणि जुन्या नोटॅमच्या जागी नवा येतो. निघण्याच्या अर्धा तास आधी पुन्हा एकदा ताजी यादी काढा आणि एटीस, म्हणजे विमानतळाची ध्वनिमुद्रित माहिती, ऐकताना टॅक्सीवेविषयीचं वाक्य लिहून घ्या.

मग नकाशा, हाताने

टॅबलेटवरचा नकाशा दर २८ दिवसांनी बदलतो. काल रात्री लावलेलं बॅरिकेड त्यात नसतं. विमानाचं चिन्ह नकाशावर सरकताना दिसतं तेव्हा विशेष फसगत होते: तुम्ही कुठे आहात हे तो बरोबर सांगतो, पुढचा रस्ता उघडा आहे का, याबद्दल त्याला काहीच कळत नाही. तरीही स्क्रीनवर रेष सलग दिसली की पाय ब्रेकवरून सैल पडतो.

म्हणून विमानतळाचा नकाशा घ्या, कागदावर किंवा टॅबलेटवर, आणि बोटांनी काम करा. बंद भागावर लाल फुल्या मारा, नुसता तुकडा नव्हे तर तिथे नेणाऱ्या प्रत्येक तोंडावर. अपेक्षित मार्ग हिरव्याने काढा. जिथे धावपट्टी ओलांडायची आहे तिथे आडवी जाड रेघ. नकाशावर आधीच छापलेले हॉट स्पॉट, म्हणजे जिथे पूर्वी घोळ झालेले आहेत अशा जागा, त्यांना गोल. मग एक पर्यायी मार्गही काढा. काम चालू असताना कंट्रोलर पहिलाच मार्ग देईल याची खात्री नसते, आणि चालत्या विमानात नवा मार्ग शोधायला लागलात तर डोळे काचेबाहेर राहत नाहीत.

एक गोष्ट नकाशावर दिसत नाही ती शोधा: तात्पुरता मार्ग कोणत्या आकाराच्या विमानासाठी आहे. पंखांचा विस्तार २४ ते ३६ मीटरच्या आतला असेल तर ते विमान 'सी' वर्गात येतं. पंखांच्या टोकाशी पाती असलेलं एअरबस ३२० आणि बोइंग ७३७-८०० दोन्ही ३५.८ मीटर, म्हणजे वर्गाच्या अगदी काठावर. बोइंग ७७७-३००ईआर ६४.८ मीटर, 'ई' वर्ग. 'सी' वर्गाच्या टॅक्सीवेची मध्यरेषा अडथळ्यापासून किमान २६ मीटर दूर असावी, 'ई'साठी ४३.५ मीटर. हे अंतर तुम्ही मध्यरेषेवर चालत आहात, असं धरून काढलेलं आहे. खड्डा चुकवायला किंवा बॅरिकेडपासून लांब राहायला दोन मीटर बाजूला सरकलात तर दुसऱ्या बाजूच्या पंखाची तेवढी जागा गेली. कॉकपिटमधून पंखाचं टोक नीट दिसत नसेल आणि शंका असेल तर थांबा आणि पंखाशेजारून चालणारा माणूस मागा. यात कमीपणा काही नाही.

बोलून ठरवणं

टॅक्सीची ब्रीफिंग बहुतेक वेळा 'नेहमीचाच मार्ग' या दोन शब्दांत उरकली जाते. काम चालू असताना 'नेहमीचा' हाच शब्द घातक. ब्रीफिंगमध्ये तीन गोष्टी मोठ्याने बोलल्या गेल्या पाहिजेत: आपण धावपट्टी कुठे ओलांडणार, सवयीचं कोणतं वळण आज नाही, आणि शंका आली तर कुठे थांबणार. ऐकायला अशी असते:

"बेमधून पुशबॅक, नाक पूर्वेला. अल्फावरून डावीकडे चार्ली. एरवी आपण ब्राव्होने जातो, आज ब्राव्होच्या तोंडाशी लाल दिव्यांचं बॅरिकेड दिसेल, ते उजव्या हाताला सोडायचं. चार्लीवर एक-आठ धावपट्टी आडवी येते, तिथे स्पष्ट परवानगी नसेल तर थांबायचं. पुढे डेल्टावर उजवीकडे. डेल्टाची पाटी दिसली नाही तर मी थांबतो, तू ग्राउंडला विचार."

शेवटच्या वाक्यावर अडून राहा. 'दिसली नाही तर काय' हे जमिनीवर बसून ठरलेलं असेल तर कॅप्टनला थांबवणं फर्स्ट ऑफिसरला सोपं जातं. ठरलेलं नसेल तर नवा मुलगा गप्प बसतो, हा सगळीकडचा अनुभव आहे.

चाकं हलण्याआधी होतील ती कामं उरकून घ्या: फ्लॅप, टेकऑफचे आकडे, प्रवाशांना सांगायचं ते. कामाच्या जागेजवळ आणि धावपट्टी ओलांडताना चेकलिस्ट वाचायची नाही. दोघांचे डोळे बाहेर. एकटे उडत असाल, सेस्नात, तर नियम आणखी सोपा: लिहायचं किंवा वाचायचं असेल तर ब्रेक लावून थांबा.

ग्राउंडशी बोलताना

क्लिअरन्स, म्हणजे ग्राउंडने (जमिनीवरची विमानं सांभाळणाऱ्या कंट्रोलरने) दिलेला मार्ग आणि परवानगी, लिहून घ्या, अक्षरं आणि आकडे एवढंच. मग नकाशावरच्या हिरव्या रेषेशी ताडून पाहा. जुळलं नाही तर हलण्याआधी विचारा. रीडबॅकमध्ये, म्हणजे ऐकलेलं परत म्हणून दाखवताना, धावपट्टीशी संबंधित प्रत्येक शब्द परत गेला पाहिजे: होल्ड शॉर्ट, क्रॉस, लाइन अप, बॅकट्रॅक, आणि धावपट्टीचा आकडा. नुसतं 'रॉजर' चालत नाही. 'टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट डेल्टा वन, व्हाया अल्फा, चार्ली, डेल्टा, होल्ड शॉर्ट ऑफ रनवे वन एट' याचं उत्तर पूर्ण वाक्यातच द्यायचं.

टॅक्सीवे बंद असला की बॅकट्रॅक वाढतो, म्हणजे धावपट्टीवरूनच उलट चालत जाऊन टोकाला वळायचं. त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. 'लाइन अप' मिळालं म्हणजे बॅकट्रॅक मिळालं, असं नाही. कुठे आत शिरायचं, किती लांब जायचं आणि कुठे वळायचं हे तिन्ही स्पष्ट नसेल तर विचारा.

अनोळखी विमानतळावर वळणावळणाने सूचना मागता येतात. अमेरिकेत याला 'प्रोग्रेसिव्ह टॅक्सी' म्हणतात आणि विद्यार्थी तिथे ती सर्रास मागतात. भारतात 'अनफॅमिलियर विथ द एरोड्रोम, रिक्वेस्ट फॉलो मी' म्हणा, जीप येईल. दोन मिनिटं उशीर होईल.

काचेबाहेर काय दिसेल

पाट्यांचे रंग काम असो वा नसो तेच राहतात. लाल पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे पुढे परवानगीशिवाय नाही. काळ्यावर पिवळी म्हणजे तुम्ही इथे आहात. पिवळ्यावर काळी म्हणजे तिकडे ते आहे. धावपट्टीआधीची थांबण्याची खूण दोन सलग आणि दोन तुटक पिवळ्या रेघांची असते. सलग रेघा तुमच्या बाजूला असतील तर थांबायचं, तुटक असतील तर तुम्ही धावपट्टीवरून बाहेर येत आहात. दिव्यांत टॅक्सीवेची मध्यरेषा हिरवी, कडा निळी, धावपट्टीची कडा पांढरी, आणि आडवी लाल रांग, म्हणजे स्टॉप बार, पेटलेली असेल तर कोणीही काहीही सांगितलं तरी ओलांडायची नाही. आधी दिवा विझला पाहिजे.

उलटं मात्र खरं नाही. स्टॉप बार विझलेला आहे म्हणजे परवानगी आहे, असं कधी समजू नका. कामाच्या दिवसांत तो नादुरुस्तही असतो. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेडा विमानतळावर तटरक्षक दलाचं छोटं विमान परवानगी नसताना धावपट्टीवर गेलं आणि उतरणाऱ्या एअरबस ३५० शी त्याची टक्कर झाली. त्या जागचा स्टॉप बार त्या दिवसांत देखभालीसाठी बंद होता.

आता कामाच्या खास खुणा. बंद भागाच्या टोकांना फुली असते: आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे धावपट्टीवर पांढरी, टॅक्सीवेवर पिवळी. अमेरिकेत दोन्हींवर पिवळी, आणि रात्री बहुधा दिव्यांची फुली ट्रेलरवर उभी केलेली असते. अमेरिकेत शिकून आलेल्यांच्या डोळ्यांना पिवळ्याची सवय असते. पांढऱ्या धावपट्टी-खुणांच्या गर्दीत पांढरी फुली चटकन उठून दिसत नाही, हे लक्षात ठेवा. अमेरिकेतच केशरी रंगाच्या, काळ्या अक्षरांच्या 'पुढे काम सुरू' अशा पाट्याही भेटतील.

लहान तुकडा बंद असेल तर शंकू, झेंडे किंवा आडव्या फळ्या: शंकू किमान अर्धा मीटर उंच, लाल, केशरी किंवा पिवळे, कधी पांढऱ्या पट्ट्यांसह. रात्री लाल स्थिर दिवे. हे दिवे फार तेजस्वी नसतात. पावसात काचेवर थेंब असताना शहराच्या दिव्यांत ते मिसळून जातात. त्यातच कामाच्या जागेवर उंच खांबांचे फ्लडलाइट लावलेले असतात. एखादा तुमच्या दिशेने तिरका झाला असेल तर पुढचे तीनशे मीटर काही दिसत नाही. अशा वेळी डोळे बारीक करून पुढे सरकत राहू नका. थांबा, टॉवरला सांगा, ते दिवा फिरवायला लावतात.

आणि एक चकवा जो नकाशात, नोटॅममध्ये कुठेच नसतो: खरवडलेली जुनी रेष. तात्पुरत्या मार्गासाठी जुनी पिवळी रेष घासून काढतात आणि नवी रंगवतात. कोरड्या दुपारी फरक स्पष्ट असतो. पण पाऊस पडून गेल्यावर, सूर्य समोर खाली आलेला असताना, घासलेला पट्टा गुळगुळीत असल्यामुळे आरशासारखा चमकतो आणि नवी रंगवलेली रेष त्या चकाकीत दिसेनाशी होते. डोळा चमकणाऱ्या वळणामागे जातो. तसंच झाकलेल्या पाट्यांचं. बंद मार्गाच्या पाटीवर कापड बांधतात. ते जेटच्या झोताने एका कोपऱ्यात सुटतं आणि पाटी अर्धी उघडी पडते: 'डी', पुढे बाण, आणि बाण बंद रस्त्याकडे. रेष एक सांगते आणि पाटी दुसरं, असं दिसलं तर कोण खरं यावर डोकं चालवू नका. थांबा.

वेग, वळण, खडी

मोकळ्या सरळ टॅक्सीवेवर मोठी विमानं ३० नॉटपर्यंत चालवतात, काटकोनात १० नॉट. कामाच्या जागेशेजारी सरळ रस्त्यावरही १० धरा. या वेगात पाटी वाचायला, बोलायला आणि थांबायला तिन्हींना वेळ मिळतो. वेग ग्राउंडस्पीडच्या आकड्यावर पाहा, अंदाजाने नको. उंच कॉकपिटमधून वेग कमी भासतो.

वळताना लक्षात ठेवा की तुम्ही पुढच्या चाकाच्याही पुढे बसलेले आहात. एअरबस ३२० मध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांत १२.६४ मीटर अंतर आहे. पुढचं चाक रेषेवर फिरलं तरी मागची चाकं आतल्या बाजूने कापत येतात. कायमच्या टॅक्सीवेला वळणावर आतून जास्तीची फरसबंदी असते, तात्पुरत्याला ती तुटपुंजी असू शकते आणि लगेच बाहेर मऊ भराव. त्यात चाक रुतलं की विमान काढायला तासन्‌तास लागतात. म्हणून कमी वेगात, गरजेपुरतं रेषेच्या पुढे जाऊन उशिरा वळा.

खडी धोक्याची ठरते ती थ्रस्टमुळे, म्हणजे इंजिनाच्या जोरामुळे. पंखाखाली टांगलेली इंजिनं जमिनीलगत हवा ओढतात, सेस्ना १७२ च्या पंख्याचं टोक तर जमिनीपासून फूटभरसुद्धा उंच नसतं. एका सुट्या खड्याने पात्याला खोक पडते. इंधन वाचवायला एका इंजिनावर टॅक्सी करण्याची पद्धत आता रूढ आहे. काम चालू असलेल्या मार्गावर ती टाळावी, असं आमचं मत. चालू इंजिनाच्या बाजूला वळायचं असेल, किंवा थांबून पुन्हा हलायचं असेल, तर त्या एका इंजिनाला जास्त जोर द्यावा लागतो. त्या जोराने पुढची खडी आत ओढली जाते आणि मागचं बॅरिकेड उडतं. मागे डांबर पसरणारी माणसं असतात, हेही डोक्यात असू द्या. पुढे रांग लागलेली दिसली तर कामाच्या जागेच्या अलीकडेच थांबायची परवानगी मागा, म्हणजे निघतानाचा झोत त्यांच्यावर जाणार नाही.

वळण चुकलं तर? चालत्या विमानात दुरुस्ती करायची नाही. यू-टर्न तर नाहीच. टॅक्सीवेवर असाल तर तिथेच थांबा, ब्रेक लावा, ग्राउंडला सांगा. फक्त एक अपवाद: आपण धावपट्टीवर तर आलो नाही ना, अशी शंका असेल तर ताबडतोब टॉवरला सांगा आणि शक्य तितक्या लवकर तिथून बाहेर पडा. धावपट्टीवर थांबून नकाशा उलगडायचा नसतो. पुढे बॅरिकेड आणि मागे वळायला जागा नाही, असं झालं तर विमान ओढणारा टग बोलवा.

धावपट्टीच्या तोंडाशी

इथे एक मिनिट जास्त द्या. केंटकीतल्या लेक्सिंग्टनला २७ ऑगस्ट २००६ च्या अंधाऱ्या पहाटे कॉमएअरचं छोटं जेट २२ ऐवजी २६ धावपट्टीवर वळलं. कामामुळे टॅक्सीवेची रचना बदललेली होती आणि वैमानिकांकडचा नकाशा तिच्याशी जुळत नव्हता. २२ धावपट्टी ७,००३ फूट लांब होती, २६ फक्त ३,५०० फूट, आणि तिचे दिवे बंद. धावताना फर्स्ट ऑफिसर दिवे नसल्याचं बोललाही. ५० पैकी ४९ जण मरण पावले. होकायंत्रावर एक नजर टाकली असती तर चाळीस अंशांचा फरक दिसला असता.

म्हणून धावपट्टीवर वळताच दिशा धावपट्टीच्या आकड्याशी ताडून पाहायची, दोघांनी, मोठ्याने. पण तैपेईत हा उपाय लागू पडला नसता. ०५ डावी आणि ०५ उजवी, दोन्हींची दिशा एकच. समांतर धावपट्ट्यांपैकी एक बंद असेल तेव्हा होकायंत्र खोटा दिलासा देतं. तिथे आणखी तीन गोष्टी पाहा. आत शिरताना डावीकडची लाल पाटी, अक्षरासकट. जमिनीवर रंगवलेला आकडा आणि अक्षर. आणि मध्यरेषेच्या दिव्यांचा रंग: धावपट्टीच्या मध्यभागी पांढरे असतात, हिरवे असतील तर तुम्ही टॅक्सीच्या रस्त्यावर आहात. तैपेईत डावी धावपट्टी ६० मीटर रुंद होती आणि तिच्या मध्यरेषेचे दिवे पांढरे, उजवी ४५ मीटर आणि मध्यरेषा हिरवी. आयएलएस (उतरताना वाट दाखवणारी रेडिओ यंत्रणा) असलेल्या धावपट्टीवर तिचा लोकलायझर, म्हणजे मध्यरेषा दाखवणारा संकेत, लावून ठेवा. सुई मधोमध आली नाही तर 'उपकरणाला वेळ लागतोय' असं म्हणून पुढे जाऊ नका.

लांबीही कमी झालेली असू शकते. काम एका टोकाला असेल तर उंबरठा, म्हणजे उतरण्यासाठीच्या भागाची सुरुवात, आत सरकवतात. तात्पुरत्या उंबरठ्याची खूण किमान १.८ मीटर रुंद आडवी पट्टी असते. टेकऑफचा हिशेब ज्या तोंडापासून केला, प्रत्यक्षात त्याच तोंडातून आत शिरत आहात ना, हे धावपट्टीवर जाण्याआधी पुन्हा विचारा. टॉवरने शेवटच्या क्षणी वेगळं तोंड दिलं तर आकडे नव्याने काढा, आणि तोवर आत जाऊ नका. रात्री थर टाकून सकाळी उघडलेल्या धावपट्टीवर नव्या-जुन्या डांबराच्या सांध्याला उतार दिलेला असतो, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या थराला अर्धा ते एक टक्का. तिथे विमान हलकंसं उसळलं तर दचकू नका. नव्या डांबरावर खाचा पाडायच्या राहिल्या असतील तर पावसात ते निसरडं असतं, ते नोटॅममध्ये येतं.

उतरल्यावर

उतरतानाची चूक सवयीची असते. नेहमीचं बाहेर पडायचं वळण बंद आहे, हे खाली येण्याआधी, वर असतानाच बोलून घ्या आणि ब्रेकची निवड त्याप्रमाणे करा. सवयीच्या वळणासाठी जोरात ब्रेक मारून मग तिथे बॅरिकेड पाहिलं, तर उरलेला किलोमीटर तुम्ही रांगत जाता आणि मागून येणाऱ्याला पुन्हा वर जावं लागतं. बाहेर पडल्यावर थांबण्याची रेघ अख्ख्या विमानाने, शेपटीसकट, ओलांडेपर्यंत थांबू नका. पुढे अरुंद मार्ग दिसतो म्हणून अलीकडेच थांबलेल्या विमानाची शेपूट धावपट्टीच्या हद्दीत राहते. फ्रिक्वेन्सी त्यानंतरच बदला.

पार्किंगला लागल्यावर दोन मिनिटांचं काम असतं. सुटलेलं कापड, विझलेला लाल दिवा, मार्गावर आलेली खडी, पुसट रेष: जे दिसलं ते ग्राउंडला जागेच्या नावासकट सांगा. 'चार्लीवर काहीतरी आहे' याचा उपयोग नाही. 'चार्ली आणि डेल्टाच्या मिळण्याआधी, उजवीकडचं दुसरं बॅरिकेड, दिवा बंद' असं सांगितलं तर माणूस थेट तिथे जातो. मग कंपनीच्या सुरक्षा विभागाला लेखी कळवा.

काम संपतं तेव्हाही एक दिवस जपण्याचा असतो. नवे टॅक्सीवे अनेकदा नवी नावं घेऊन येतात, आणि नवा नकाशा ठरलेल्या गुरुवारी ०००० यूटीसीला लागू होतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. त्या दिवशी पाचला निघणाऱ्याचा नकाशा जुना आणि सहाला निघणाऱ्याचा नवा. जमिनीवरच्या पाट्या रंगवून, कापडाखाली झाकून आधीच तयार ठेवलेल्या असतात आणि त्या नेमक्या साडेपाचला उघडल्या जातीलच असं नाही. त्या पहाटेची ड्युटी असेल तर दोन्ही नकाशे टॅबलेटवर राहू द्या, आणि ग्राउंडने उच्चारलेलं नाव हातातल्या नकाशावर सापडेपर्यंत पार्किंग ब्रेक लावलेला ठेवा.